मधली खोली पांढरी करूनही अंधारीच दिसते, तेव्हा

वाचकाचं पत्र : "सुदामानगरात आमचं १५ बाय ५० चं घर आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. पुढे पश्चिमेकडे तोंड असलेली बैठक, १० बाय १३. तिच्यामागे मधली खोली, ९ बाय ११, मग स्वयंपाकघर. उंची १० फूट, फरशी कोटा दगडाची. मधल्या खोलीला उजेड फक्त डक्टकडच्या, म्हणजे उजेड-हवेसाठी सोडलेल्या अरुंद उभ्या मोकळ्या जागेकडच्या, खिडकीतून येतो. दोन वर्षांपूर्वी पेंटर म्हणाला, छोट्या खोलीला पांढराच बरा. म्हणून दोन्हीकडे चमकदार पांढरा दिला आणि मधल्या खोलीत पलंगामागच्या भिंतीला मरून टेक्स्चर केलं. खोली मोठी तर वाटत नाहीच, उलट पांढरा राखाडी दिसतो. ट्यूबलाइट लावली की भिंतीवर लाटा दिसतात. बाथरूमला लागून असलेली भिंत खालून दीड फूट पापुद्रे धरते. दिवाळीआधी पुन्हा रंग द्यायचा आहे. सासूबाईंना पिस्ता हवा, मुलाला गडद निळा, आणि यजमान म्हणतात पांढराच देऊ, पण या वेळी महागातला. खोल्या मोठ्या वाटायला नेमका कोणता रंग द्यावा?"
– एक वाचक, इंदूर

ताई,

महागातला पांढरा आणलात तरी मधली खोली राखाडीच दिसेल. पांढऱ्याला स्वतःचा रंग नसतो. त्याच्यावर जो उजेड पडतो तोच तो परत दाखवतो. तुमच्या मधल्या खोलीत पडणारा उजेड आधी डक्टमध्ये वरून उतरतो, सिमेंटच्या उघड्या भिंतींवर तीन-चार वेळा आपटतो आणि मग खिडकीतून आत येतो. आत येईपर्यंत तो थोडाच उरलेला असतो आणि सिमेंटसारखाच करडा झालेला असतो. खालून कोट्याचा हिरवट करडेपणा त्यात भर घालतो. दोष डब्याचा नाही, यजमानांना एवढं सांगा.

म्हणून पहिला ब्रश खोलीत नाही, डक्टमध्ये फिरवायचा. डक्टच्या भिंतींना बाहेरच्या वापराचा साधा पांढरा इमल्शन (पाण्यात मिसळायचा रंग) द्या. सगळी डक्ट रंगवणं खिशाला जड जात असेल तर निदान खिडकीच्या अगदी समोरची भिंत, खिडकीपासून वर गच्चीपर्यंत. चार फूट रुंद आणि साधारण पंधरा फूट उंच धरली तर ६० चौरस फूट होते. खरबरीत प्लास्टरवर बाहेरचा इमल्शन दोन हातांत लिटरमागे ५०-६० चौरस फुटांपेक्षा जास्त जात नाही, त्यामुळे एक लिटर कसाबसा पुरेल, दोन आणा. डक्टवर पत्रा किंवा प्लास्टिकची शीट टाकलेली असेल तर ती आधी धुवा. पिवळी पडून चरचरीत झालेली शीट बदलणं हा या सगळ्या कामातला सर्वात फायद्याचा खर्च ठरतो. ड्रेनेजच्या पाइपांवर पाय देऊन काम करायला मात्र कोणाला सांगू नका. त्यासाठी झुला किंवा नीट बांधलेली परांचीच हवी.

आता खिडकी. तुमची भिंत नऊ इंची असेल तर खिडकीच्या चारी बाजूंना भिंतीच्या जाडीचा एक पट्टा दिसतो. तो बहुतेक वेळा भिंतीच्या रंगात किंवा खिडकीच्या ऑइल पेंटमध्ये रंगवून टाकतात. तिथे छताचा पांढरा मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग द्या. डक्टमधला उजेड सर्वात आधी याच पट्ट्यावर पडतो आणि तिथून खोलीत वळतो. शिवाय खिडकीचा झगझगीत चौकोन आणि बाजूची भिंत यांच्यामधला फरक त्याने कमी होतो, डोळा दिपत नाही आणि भिंत आहे त्यापेक्षा उजळ वाटते.

भिंतीचा फिकेपणा का महत्त्वाचा, त्याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. रंगाच्या प्रत्येक शेडला एक आकडा असतो, शून्य ते शंभर. शंभर भाग उजेड पडला तर त्यातला किती परत येतो, तो हा आकडा. त्याला एलआरव्ही म्हणतात. बऱ्याच कंपन्या तो वेबसाइटवर शेडच्या नावाजवळ देतात, नसेल तर डीलरला विचारा. समजा तुमच्या भिंतीचा आकडा ७५ आहे. शंभर उजेड पहिल्या भिंतीवरून ७५ होऊन निघतो, समोरच्या भिंतीवरून ५६, मग ४२, चौथ्या टप्प्याला ३२. तोच आकडा ५० असेल तर ५०, २५, १२ आणि चौथ्यांदा फक्त ६. शेडकार्डावर या दोन्ही शेड 'फिकट'च दिसतात. प्रत्यक्षात पलंग, कपाट, फरशीही उजेड खातात, त्यामुळे आकडे इतके स्वच्छ पडत नाहीत, पण कोपरे का काळवंडतात ते यातून समजतं. लहान खोलीत उजेडाला फार आपटावं लागतं, म्हणून तिथे थोडासा गडदपणाही महागात पडतो.

तुमची मरून भिंत शंभरातले दहासुद्धा परत देत नाही. चारशे चौरस फुटांच्या भिंतींपैकी नव्वद फूट उजेड गिळत बसली आहे, आणि तिच्या शेजारी डोळा बाकीच्या पांढऱ्याची तुलना करतो ती वेगळीच. 'हायलाइट भिंत' हा प्रकार २० फुटांच्या हॉलमध्ये शोभतो. तिथेही सगळीकडे नाही.

दुसरी गोष्ट कडांची. आज संध्याकाळी मधल्या खोलीच्या दारात उभ्या राहा आणि नजर कुठे कुठे अडते ते बोटांवर मोजा. मरून आणि पांढऱ्याची उभी रेघ, दोन. तपकिरी दारं आणि त्यांच्या चौकटी, दोन जोड्या. भिंतीतल्या कपाटाची लाकडी रंगाची दारं. वर माळा असेल तर त्याची आडवी फळी. छताखाली रंगीत पट्टी मारली असेल तर ती चारी बाजूंना. गडद पडदा. वायरिंगची केसिंग पट्टी. एवढ्याशा खोलीत दहा-बारा ठिकाणी नजर ठेचकाळते, आणि प्रत्येक ठेच सांगते की खोली इथे संपली. रंग बदलून भिंत सरकत नाही, या रेघा पुसल्या की भिंत नेमकी कुठे आहे ते डोळ्याला चटकन कळेनासं होतं. 'मोठी वाटते' म्हणतात ते एवढ्यालाच.

तेव्हा मधल्या खोलीत चारही भिंती एका शेडच्या. कपाटाची दारं, दोन्ही दारं, चौकटी, माळ्याची फळी, केसिंग पट्टी, सगळं त्याच शेडमध्ये, फक्त लाकडावर लाकडासाठी बनवलेला रंग. छताखालची पट्टी रद्द. पडदा भिंतीच्या जवळच्या रंगाचा, आणि दांडी खिडकीपेक्षा दोन्हीकडे सहा-सहा इंच लांब, म्हणजे दिवसा पडदा काचेवर न राहता भिंतीवर जाऊन बसेल. कोट्याची फरशी बदलायची गरज नाही. पलंगासमोर फिकट सतरंजी किंवा चटई टाका, खालून येणारी हिरवी झाक तेवढ्यानेही कमी होते.

शेड कोणती? मधल्या खोलीसाठी दुधावरच्या सायीचा रंग, पिवळ्यात अगदी कणभर लाल असलेला, आकडा ७२ ते ७८ च्या दरम्यान. डक्टमधल्या करड्या-निळसर उजेडाला तो सावरून घेतो. नुसत्या लिंबोणी अंगाचा क्रीम टाळा. थंड उजेडात तो हिरवा पडतो आणि कोट्यावर तर जास्तच. छताला पांढरा, ८५ च्या वरचा, मॅट. सायीच्या भिंतीशेजारी छत निळसर पांढरं असेल तर भिंत मळकट दिसते. दुकानात दोन्ही चिप्स शेजारी धरून बघितलं की हे लगेच कळतं.

शेडकार्डावरून मात्र शेड पक्की करू नका. दोन इंची चिपवर जो रंग गोड वाटतो तो चार भिंतींवर गडद लागतो. कारण पुन्हा तेच. उजेड एका भिंतीवरून दुसरीवर जाताना प्रत्येक वेळी त्या रंगात थोडा बुडून निघतो. एक शेड मनात भरली की त्याच पट्टीवरची तिच्याहून एक पायरी फिकी घ्या. मग अशा तीन उमेदवार शेडचे छोटे डबे आणा. सॅम्पल म्हणून २०० मिलीचे डबे काही कंपन्यांचे मिळतात. दोन फूट बाय दोन फूट पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. इमल्शन वाळल्यावर थोडा गडद होतो, त्यामुळे ओल्यावर मत देऊ नका. पुठ्ठा टेबलावर आडवा ठेवून बघायचा नाही, भिंतीला उभा टेकवायचा. एकदा खिडकीशेजारी, एकदा सर्वात अंधाऱ्या कोपऱ्यात. सकाळी आठला, दुपारी एकला, आणि रात्री दिवा लावून. मरून भिंतीसमोर पुठ्ठा धरलात तर डोळा फसतो. त्या भिंतीवर बघायची दोन मिनिटं तरी पांढरी चादर टाका.

रात्रीच्या दिव्याचा निकाल रंग घ्यायच्या आधी लावा, नंतर नाही. महाराणी रोडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत एलईडी पट्टी मागितली की हातात बहुधा ६५०० केल्विनची येते, म्हणजे निळसर पांढरी. तिच्याखाली सायीचा रंग फिकट राखाडी होतो आणि माणसं आजारी दिसतात. ३००० ची पिवळी घेतली तर तोच रंग हळदीला झुकतो. दोन्हींच्या मधली ४००० ची मागून घ्या. आणि २० वॅटची एकच पट्टी एका भिंतीवर लावण्यापेक्षा १०-१० वॅटच्या दोन, समोरासमोरच्या भिंतींवर. बिल तेवढंच, पण दिव्याच्या समोरचे जे दोन कोपरे आज अंधारात राहतात तेही उजळतात. खोलीचे कोपरे दिसले की तिची खरी लांबीरुंदी दिसते.

याच दिव्यात तुमच्या लाटांचं उत्तर आहे. ट्यूबलाइट भिंतीला चिकटून असते आणि तिचा उजेड भिंतीवरून घसरत खाली येतो, संध्याकाळचं ऊन शेतातल्या सऱ्यांवरून यावं तसा. पुट्टीच्या पत्र्याचा एखाददुसरा मिलिमीटरचा चढउतार त्यात सावली पाडतो. चमकदार रंगाने ती सावली आणखी ठळक होते. चमक उजेड वाढवते असं पेंटर सांगतात, ते अर्धंच खरं आहे. ती उजेड वाढवत नाही, एका दिशेला फेकते. मॅट रंग तोच उजेड सगळीकडे पसरवून देतो आणि लाटा झाकतो. म्हणून भिंतींनाही मॅट घ्या, पण धुता येणारा. साध्या मॅटवर स्विचबोर्डाभोवतीचे आणि पलंगाच्या डोक्याकडचे हाताचे डाग पुसायला गेलं की तेवढाच तुकडा चकाकू लागतो. धुता येणाऱ्या मॅटचा डबा थोडा महाग पडतो, पण त्यामुळे सगळ्या भिंतींवर नव्याने पुट्टी ओढायचा खर्च वाचतो. ठेकेदार पूर्ण पुट्टीचा आग्रह धरेल, कारण त्याचं काम तिथेच वाढतं. आधी एका भिंतीवर मॅट देऊन बघू, मग ठरवू, असं सांगा.

बैठकीचा मामला वेगळा. पश्चिमेची खिडकी म्हणजे दुपारी तीननंतर पिवळं, मग केशरी ऊन सरळ आत. मधल्या खोलीचा सायीचा रंग इथे संध्याकाळी नारिंगी दिसेल. इथे थंड अंगाचा फिका रंग चालतो, आणि इथे सासूबाई जिंकतात. पिस्ता द्या, पण आईस्क्रीमचा नव्हे. ताकात कोथिंबिरीचं एक पान वाटून घातलं तर जी झाक येईल ती, आकडा ७० च्या आसपास. उन्हाचा पिवळेपणा त्या हिरव्यात मुरतो आणि खोली शांत वाटते. हाच पिस्ता मधल्या खोलीत दिला असता तर कोटा, डक्ट आणि एलईडी या तिघांनी मिळून त्याचं शेवाळ केलं असतं. बैठकीतून मधल्या खोलीचं दार उघडं दिसतं, म्हणून दोन्ही खोल्यांचं छत, दारं आणि चौकटी एकाच रंगात ठेवा, म्हणजे नजर दारात न अडखळता मागच्या खोलीपर्यंत जाते. दारांचा हा समाईक रंग मधल्या खोलीच्या सायीचाच असू द्या, पिस्त्याशी तो भांडत नाही.

मुलाच्या गडद निळ्यालाही जागा आहे. खिडकीच्या भिंतीवर कधीच नाही, कारण गडद भिंतीतली उजळ खिडकी डोळ्यात खुपते. पण भिंतीत कोनाडा असेल, किंवा शोकेसचं उघडं कपाट असेल, तर त्याची फक्त मागची पाठ निळी करा. फिकट चौकटीच्या आत गडद रंग मागे सरकतो आणि सहा इंचाचा कोनाडा फूटभर खोल वाटतो. अर्धा लिटरही लागणार नाही.

आता काम. पापुद्र्यांच्या भिंतीपासून सुरू करा, कारण तीच सगळं वेळापत्रक ठरवणार आहे. पापुद्र्यांखाली मिठासारखी पांढरी पूड निघत असेल तर तो लोणा आहे. पाणी बाथरूमच्या बाजूने भिंतीत शिरतं आणि वाळताना क्षार बाहेर आणतं. वरून कितीही चांगला रंग द्या, क्षार त्याला आतून ढकलून पाडणार. आधी बाथरूममधल्या टाइल्सचे सांधे आणि नळाच्या जोडण्या बघून घ्या, गळती बंद करा. मग ओल असलेल्या उंचीच्या वर आणखी फूटभर जाऊन प्लास्टर विटेपर्यंत काढा, विटा उघड्या ठेवून वाळू द्या, त्यानंतर वॉटरप्रूफिंगचं रसायन घातलेलं सिमेंटचं प्लास्टर. तिथे पीओपी कोणी भरू म्हणालं तर नको म्हणा. पीओपी ओलीत लोण्यासारखं मऊ होतं. भिंत वाळली की नाही ते बघायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि चोवीस तास ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर पाणी अजून भिंतीतूनच येतंय.

यामुळेच दिवाळीआधीच्या घाईबद्दल सावध करायचं आहे. आपल्याकडे पाऊस सप्टेंबरच्या शेवटापर्यंत रेंगाळतो आणि दिवाळी काही वर्षी ऑक्टोबरच्या मध्यातच येऊन ठेपते. भिंती पावसाळाभर ओल पितात, त्यांना कोरडं व्हायला दोन-तीन आठवडे कोरडी हवा लागते. त्यातून नवं सिमेंट प्लास्टर अठ्ठावीस दिवस मुरू द्यावं लागतं, नाहीतर त्यातला चुना रंगाचे डाग पाडतो. दिवाळीपूर्वी बैठक आणि मधल्या खोलीच्या तीन भिंती उरका, बाथरूमकडच्या भिंतीला अस्तरही (प्रायमर) न देता ती तशीच ठेवा आणि नोव्हेंबरच्या शेवटी पूर्ण करा. सणाच्या दिवसांत तिच्यापुढे कपड्यांचं कपाट सरकवा, पण भिंतीपासून चार इंच दूर, हवा खेळू द्या. त्या भिंतीचा रंग आत्ताच सगळ्यांबरोबर मिसळून घ्यायचा, ते पुढे सांगतो.

बाकीच्या भिंतींवर सध्या चमकदार इमल्शन घट्ट बसलेला आहे, म्हणजे सगळं खरवडायची गरज नाही. पण त्याच्यावर सरळ नवा रंग मारला तर तो गुळगुळीत पृष्ठभागाला धरत नाही आणि टेप काढताना सालपटासारखा निघतो. आधी १८० नंबरचा रेगमाल (पॉलिश पेपर) फिरवून चमक उतरवा, ओल्या फडक्याने पूड पुसा. हात फिरवल्यावर तळव्याला पांढरं लागलं नाही की झालं. तडे आणि खड्डे भरायला इथे सिमेंटची कोरडी पुट्टी चालत नाही. तिला सिमेंटचाच पृष्ठभाग लागतो, जुन्या रंगावर ती काही महिन्यांत पापडासारखी सुटते. तयार अॅक्रिलिक पुट्टी आणा, दोन्ही खोल्यांच्या डागडुजीला पाच किलो पुष्कळ. पातळ हात, चार-सहा तासांनी दुसरा पातळ हात. एकदम जाड भरलं की भेग जाते. वाळल्यावर ३२० नंबरने घासा आणि तेवढ्या ठिगळांना अस्तर द्या. ठिगळाला अस्तर दिलं नाही तर तिथे रंग जास्त शोषला जातो आणि वाळल्यावर नकाशासारखे डाग दिसतात. ज्या पांढऱ्या भिंतींची चमक नीट उतरली आहे त्यांना पूर्ण अस्तराची गरज नाही.

मरून टेक्स्चर ही सगळ्यात कष्टाची भिंत. उंचवटे आधी पत्र्याने खरवडून काढा, राहिलेले जाड रेगमालाने उतरवा. खळगे दोन मिलिमीटरहून खोल असतील तर नेहमीची पुट्टी भरू नका, भरणीची वेगळी पुट्टी मिळते ती, जुन्या रंगावर चालते का ते विचारून. मग वरून अॅक्रिलिकचे दोन पातळ हात, घासणी, आणि पांढऱ्या अस्तराचे दोन हात. एकाच हातावर सायीचा रंग दिला तर खालचा लाल गुलाबी होऊन वर डोकावत राहतो आणि चौथा हात देऊनही जात नाही.

रंग किती आणायचा? मधल्या खोलीचा घेर ४० फूट, गुणिले उंची १०, म्हणजे ४००. दोन दारांचे ४२, खिडकीचे १२, भिंतीतलं कपाट ५ बाय ७ धरलं तर ३५, एवढे वजा केले की ३११ उरतात. चांगला मॅट इमल्शन दोन हातांत लिटरमागे १०० ते १२० चौरस फूट जातो, म्हणजे तीन लिटर. चारचा डबा घ्या. बैठकीचा घेर ४६, म्हणजे ४६०, दारं-खिडक्यांचे ६५ वजा जाता ३९५. इथे चारचा डबा काठावर संपेल, एक लिटर जास्तीचा त्याच वेळी टिंट करून, म्हणजे मशीनवर शेड मिसळून घ्या. दोन्ही छतं मिळून २३० चौरस फूट होतात आणि खिडकीच्या बाजूही आहेत, त्याला पांढरा चार लिटर. अस्तर चार लिटर. एकाच शेडचे दोन डबे असतील तर ते काम सुरू करण्यापूर्वी मोठ्या बादलीत एकत्र ढवळायचे. मशीनने एकच कोड टाकला तरी दोन डब्यांत उन्नीस-बीस होतंच, आणि ते नेमकं भिंतीच्या मधोमध दिसतं. बाथरूमकडच्या भिंतीसाठी मधल्या खोलीच्या रंगातला लिटरभर याच वेळी बाजूला काढून ठेवा.

पाण्याचं प्रमाण डब्यावर छापलेलं असतं. ४० टक्के लिहिलं असेल तर लिटरमागे ४०० मिली, मापाच्या मगाने. अंदाजे ओतलेलं पाणी नेहमी जास्तच होतं. मग दोन हातांत भिंत झाकत नाही आणि धुता येणारा रंग पहिल्या पुसण्याला उतरतो. एका वेळी एकच भिंत करायची, कडा ब्रशने आणि लगेच नऊ इंची रोलर. खोलीभर कडा आधी मारून ठेवल्या तर त्या वाळतात आणि भिंतीला चौकट काढल्यासारखी दिसते. रंग चालू असताना पंखा बंद. पाऊस गेल्यावरच्या कोरड्या हवेत पंख्याखाली रोलरचे पट्टे जोडण्याआधीच वाळतात. दोन हातांमध्ये चार तास.

दारांवरचा जुना तपकिरी ऑइल पेंट २०१७ च्या आधीचा असेल तर त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणून दारं कोरडी घासू नका. पाणी लावून वॉटरपेपरने घासा, मास्क घाला, मुलांना त्या दिवशी आजीबरोबर दुसरीकडे पाठवा, चिखल कागदात गुंडाळून कचऱ्यात. चमक पूर्ण उतरली की अस्तर आणि वर पाण्यात मिसळणारं इनॅमल, सॅटिन म्हणजे मंद चमकीच्या फिनिशचं. नेहमीचं पांढरं ऑइल पेंट अंधाऱ्या खोलीत वर्षभरात पिवळं पडू लागतं, कपाटाच्या आतल्या बाजूला ते सर्वांनी पाहिलेलं असतं. मधल्या खोलीत ते नकोच. बैठकीच्या दाराची बाहेरची बाजू मात्र आत्ता करू नका. रंगपंचमी होऊन जाऊ द्या, इंदुरात हे वेगळं सांगायला नको.

उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका. आत हवा राहिली की साय धरते. घट्ट झाकणाच्या छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत काठोकाठ भरा. बाटलीवर शेडचा कोड, कोणत्या प्रकारचा इमल्शन, कोणती खोली आणि तारीख लिहा. तोच कोड दुसऱ्या प्रकारच्या इमल्शनमध्ये मिसळला तर शेड वेगळी निघते, म्हणून नुसता कोड पुरत नाही.